इंजिनचा एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर: कधी बदलायचा आणि कधी हात लावायचा नाही

गाडीत हवेचे फिल्टर दोन असतात आणि दोघांच्या बाबतीत आपण बरोबर उलट चुका करतो. इंजिनचा एअर फिल्टर जरा काळपट दिसला की काढायचा, आपटायचा, हवा मारायची आणि परत बसवायचा, हे जवळजवळ प्रत्येक सर्व्हिसला चालतं. केबिन फिल्टर, म्हणजे बरेच जण ज्याला एसी फिल्टर म्हणतात, तो मात्र वर्षानुवर्षं कोणी पाहतही नाही. तो आपल्या गाडीत आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं. म्हणून इंजिनच्या फिल्टरला कमी वेळा हात लावा, पण लावाल तेव्हा काम नीट करा. केबिन फिल्टर मात्र वेळेवर बदला, आणि शंका आली तर वेळेआधीच बदला.

इंजिनचा फिल्टर नेमकं काय वाचवतो

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. एका भाग पेट्रोलला वजनाने जवळपास १४.७ भाग हवा, या हिशेबातून हा आकडा येतो. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १०० किलोमीटरच्या प्रवासात साधारण ६०,००० लिटर हवा आत ओढते. या हवेतल्या धुळीत वाळूचे अतिसूक्ष्म कण असतात. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, आणि तो पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या धातूपेक्षा कठीण असतो. तेलाच्या पातळ थराइतक्या जाडीचे कण सिलिंडर आणि रिंगच्या मध्ये शिरले की धातू घासत राहतो. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरतं, गाडी तेल पिऊ लागते आणि इंजिनचं आयुष्य कमी होतं. हे नुकसान कुठलाही दिवा लावत नाही, आवाजही करत नाही, म्हणूनच त्याची काळजी आधी घ्यायची.

फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, असं सर्रास सांगितलं जातं. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना ते लागू नाही. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. नव्या पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो पिकअपमध्ये. कारण सोपं आहे: सेन्सर आत आलेली हवा मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. हवा कमी मिळाली तर आपण नकळत ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबतो. पूर्ण दाबल्यावर मात्र जास्तीची हवा कुठून येणार? म्हणून ओव्हरटेक करताना किंवा चढावर गाडी ओढत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या, म्हणजे सेन्सरशिवाय हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या, गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे फिल्टर चोंदला की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि ॲव्हरेज खरोखरच पडतं. डिझेल गाडीत, विशेषतः टर्बो असेल तर, हवेची कमतरता काळ्या धुरातून आणि मंद पिकअपमधून दिसते.

थोडक्यात, इंजिनचा फिल्टर पेट्रोल वाचवण्यासाठी नाही, इंजिन वाचवण्यासाठी बदलायचा. हे एकदा पक्कं झालं की बाकीचे निर्णय सोपे जातात.

थोडा मळलेला फिल्टर चांगला असतो

कागदी फिल्टरवर सुरुवातीला धुळीचा पातळ थर बसतो तेव्हा तो थरच गाळणीचं काम करू लागतो. कोऱ्या फिल्टरमधून निसटणारे बारीक कण आता त्या थरात अडकतात. म्हणजे थोडा वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा जास्त चांगलं गाळतो. पुढे थर जाड होतो, हवेला अडथळा वाढतो आणि मग बदलण्याची वेळ येते. नुसता राखाडी रंग पाहून फिल्टर फेकणं किंवा झाडणं म्हणूनच चुकीचं.

हवा मारून साफ करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारू नये. जोराच्या झोताने कागदाच्या तंतूंमध्ये डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडू शकतात, आणि अशा छिद्रातून गेलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. जमिनीवर आपटल्याने रबरी कड आणि घड्या वाकतात, मग फिल्टर त्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात घट्ट बसत नाही. पाण्याने धुतलेला कागद फुगतो आणि त्याचा आकार बिघडतो. धुऊन परत वापरायचे फिल्टर वेगळे असतात, तेल लावलेल्या सुती जाळीचे किंवा फोमचे. ते त्यांच्याच पद्धतीने साफ करायचे. त्यांना तेल जास्त झालं तर ते पुढच्या एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसून चुकीची मापं देऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या. रोजच्या वापराच्या गाडीला मी साधा, चांगल्या दर्जाचा कागदी फिल्टरच सुचवेन.

आणखी एक गोष्ट. डबा उघडताना प्रत्येक वेळी थोडी धूळ स्वच्छ बाजूला, म्हणजे फिल्टरनंतर इंजिनकडे जाणाऱ्या बाजूला, पडण्याची शक्यता असते. म्हणून दर महिन्याला उघडून बघण्याची सवय फायद्याची नाही.

किती किलोमीटरला बदलायचा

पहिला आधार म्हणजे गाडीचं मॅन्युअल. बहुतेक गाड्यांसाठी इंजिनचा फिल्टर साधारण २०,००० ते ४०,००० किलोमीटरला बदलायला सांगितलेला असतो, काही गाड्यांत त्याहून उशिरा. त्याच मॅन्युअलमध्ये कठीण परिस्थितीसाठी वेगळा तक्ता असतो आणि तो वाचायचा बहुतेकांचा राहून जातो. कच्चे रस्ते, चालू बांधकामं, खाणींचा किंवा शेतातल्या मळणीचा परिसर, सतत पुढच्या वाहनाच्या धुळीत चालणं, हे सगळं त्यात येतं. अशा वेळी अंतर साधारण निम्मं धरायचं.

किलोमीटर हे तरी एक अंदाजी मापच. हायवेवर डांबरी रस्त्याने ३०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचा फिल्टर ठीक असू शकतो आणि धुळीच्या रस्त्यावर ८,००० चाललेल्या गाडीचा भरलेला असू शकतो. मी असं सुचवतो: मॅन्युअलच्या मुदतीच्या निम्म्यावर एकदा डबा उघडा आणि नीट पाहा. त्यावरून तुमच्या रस्त्यांवर फिल्टर किती वेगाने भरतो ते कळतं. पुढचं वेळापत्रक त्यावर ठरवा आणि मग मध्ये मध्ये उघडू नका.

उघडल्यावर काय पाहायचं? घड्यांच्या वरच्या कडा मळलेल्या असणं साहजिक आहे. दोन घड्या बोटांनी हलकेच फाकवून तळाशी पाहा. तिथेही धूळ गच्च भरली असेल, घड्या एकमेकींना चिकटल्या असतील, तर बदला. कागद फाटलेला, ओला किंवा तेलकट असेल, रबरी कड कडक होऊन तडकली असेल, तर किलोमीटर न पाहता बदला. फिल्टरमागे टॉर्च धरून उजेड येतो का पाहण्याची पद्धत सगळीकडे सांगतात, पण जाड कागदाच्या नव्या फिल्टरमधूनही उजेड फारसा येत नाही. शेजारी नवा फिल्टर धरून तुलना केली तरच त्या परीक्षेला अर्थ आहे.

इंजिनचा फिल्टर बदलण्याची पद्धत

काम सोपं आहे. बहुतेक गाड्यांत पाऊण तास भरपूर होतो, सवय झाली की दहा मिनिटं. एक स्क्रू ड्रायव्हर, लागला तर ८ किंवा १० मिलिमीटरचा पाना, ओलसर करून पिळलेलं धागे न सुटणारं फडकं, एक पांढरं कोरडं फडकं, टॉर्च आणि शक्य असेल तर लहान व्हॅक्युम क्लीनर एवढं जवळ ठेवा.

१. इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि इंजिन थंड होऊ द्या. बॉनेटच्या आणि डब्याच्या बाहेरची धूळ आधी पुसून घ्या. डबा उघडल्यावर तीच धूळ आत पडते, म्हणून ही पायरी टाळू नका.

२. एअर फिल्टरचा डबा शोधा. काळ्या प्लॅस्टिकचा चौकोनी किंवा गोलसर डबा, आणि त्यातून जाड पाइप इंजिनकडे गेलेला. झाकण स्प्रिंगच्या क्लिपांनी किंवा स्क्रूंनी लावलेलं असतं. उघडण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा.

३. क्लिपा सोडा. झाकण पुरेसं वर येत नसेल तर ओढाताण करू नका. पाइपचा क्लॅम्प ढिला करावा लागेल. झाकणावर किंवा पाइपवर सेन्सरचा प्लग असेल तर त्याची लॉकची पट्टी दाबून तो सरळ बाहेर काढा, वायर धरून ओढू नका.

४. जुना फिल्टर सरळ वर उचला, तिरका करून झटकू नका. कुठली बाजू वर होती, रबरी कड कशी बसली होती, ते पाहून ठेवा.

५. आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. फिल्टरनंतरची, म्हणजे इंजिनकडे जाणारी बाजू पांढऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. फडकं स्वच्छ निघालं तर सगळं ठीक. मातकट निघालं तर धूळ फिल्टरला वळसा घालून जात होती: कड नीट बसली नव्हती, झाकण वाकलं होतं किंवा पाइपला चीर होती. अशा वेळी नुसता नवा फिल्टर लावून भागणार नाही. कारण शोधा किंवा मेकॅनिकला दाखवा.

६. डब्याचा तळ स्वच्छ करा. पानं, किडे, वाळू व्हॅक्युमने ओढून घ्या किंवा ओलसर फडक्याने टिपून घ्या. इथे हवा मारू नका, ती धूळ पुढच्या पाइपमध्ये जाते. तळाला पाणी निघून जायला लहान छिद्र असतं, ते मोकळं आहे ना पाहा. डब्यात उंदरांनी कुरतडलेले तुकडे दिसले तर हवा येण्याचा मार्गही पूर्ण तपासा.

७. नवा आणि जुना फिल्टर शेजारी ठेवून लांबी, रुंदी, उंची आणि कडेची जाडी जुळते का पाहा. दोन मिलिमीटर कमी उंचीचा फिल्टर बसतो, झाकणही लागतं, पण कड दाबली जात नाही आणि धुळीला वाट मिळते. घड्या समान अंतरावर असाव्यात, कड मऊ आणि अखंड असावी. स्वस्त मिळतो म्हणून इथे तडजोड करू नका.

८. फिल्टर खाचेत सपाट बसवा आणि रबरी कडेवरून चारही बाजूंनी बोट फिरवा. झाकणाला मागच्या बाजूला खुंट्या असतील तर त्या आधी खाचेत अडकवा, मग पुढून झाकण दाबा. क्लिपा समोरासमोरच्या जोडीने लावा. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकीचं बसलं आहे, पुन्हा उघडा.

९. प्लग आणि क्लॅम्प परत लावा. गाडी सुरू करा. शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा इंजिनचा दिवा लागला असेल तर पाइपचा जोड आणि प्लग पुन्हा तपासा.

फिल्टर तेलकट निघाला असेल तर ते तेल बहुधा इंजिनच्या व्हेंटिलेशनच्या पाइपमधून आलेलं असतं. फिल्टर बदला, पण मूळ दोष वेगळा आहे हे मेकॅनिकला सांगा. आणि गाडी खोल पाण्यातून गेली असेल, डब्यात पाणी असल्याची शंका असेल, तर इंजिन सुरू करूच नका. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकू शकतो. आधी डबा उघडून पाहा.

केबिन फिल्टर: आपल्या फुप्फुसांचा प्रश्न

गाडीत येणारी हवा पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून शिरते. नेमक्या त्याच उंचीवर पुढच्या गाडीचा धूर आणि टायरांनी उडवलेली धूळ असते. केबिन फिल्टर ती अडवतो. शिवाय एसीच्या कूलिंग कॉइलवर कचरा बसू देत नाही. ओलसर कॉइलवर धूळ बसली की बुरशी धरते, वास येतो आणि ती साफ करायला पुष्कळदा डॅशबोर्ड खोलावा लागतो. त्या मानाने फिल्टर बदलणं अगदी किरकोळ काम आहे.

साधारण १५,००० ते २५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यात जे आधी येईल ते, अशी मुदत बहुतेक ठिकाणी दिलेली असते. माझ्या मते इथे किलोमीटरपेक्षा ब्लोअर किती तास चालतो हे महत्त्वाचं. ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेली गाडी पाच किलोमीटर जाते, पण फिल्टरमधून तासभर हवा जात राहते, तीही सगळ्यात घाणेरडी. शहरात वापर असेल, घरात दम्याचं किंवा ॲलर्जीचं माणूस असेल, तर सहा ते आठ महिन्यांनी बदला. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा चुरा लवकर साठतो, ती लवकर तपासा.

ब्लोअर जोरात, पण हवा मंद, ही पहिली खूण. कुबट वास, ब्लोअरमधून पाचोळा घासल्यासारखा आवाज, एसी नीट असूनही गाडी उशिरा थंड होणं, याही खुणा. सगळ्यात गंभीर खूण म्हणजे पुढच्या काचेवरचं धुकं लवकर न जाणं. काचेवर पुरेशी हवा पोचत नाही म्हणून ते राहतं, आणि रात्री पावसात त्यातून समोरचं दिसत नाही. फिल्टर फार दिवस चोंदलेला ठेवला तर ब्लोअरचा वेग ठरवणारा रेझिस्टरही जळू शकतो, कारण तो वाहत्या हवेनेच थंड राहतो.

कुठला घ्यावा? साधा फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो. ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर त्याशिवाय वास आणि काही वायूही शोषतो. शहरासाठी मी तोच घेईन. मात्र कार्बनची शोषण्याची क्षमता संपली तरी तो दिसायला तसाच राहतो, आणि मुळात रंगाने काळपट असल्याने पाहून काही कळत नाही. तो वेळेवरच बदलायचा. कार्बन मोनॉक्साइड मात्र कोणताच केबिन फिल्टर अडवत नाही. बंद जागेत इंजिन चालू ठेवून बसणं फिल्टर असला तरी जीवघेणंच आहे. फार दाट गाळणीचे फिल्टर गाडीच्या ब्लोअरला झेपतील असेच घ्या, नाहीतर हवाच कमी येते.

केबिन फिल्टर धुणं किंवा झटकणं टाळा. अनेक फिल्टरच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो आणि त्यानेच बारीक कण ओढले जातात. धुतल्यावर तो जातो. वरून फिल्टर स्वच्छ दिसतो, पण बारीक धूळ आरपार जाते.

बदलताना तोंडाला मास्क लावा, कारण आत बुरशी किंवा उंदरांची विष्ठा असू शकते. ब्लोअर बंद, किल्ली काढलेली. बहुतेक गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करा. त्याच्या एका बाजूला दोरी किंवा लहान दांडी असेल ती सोडा, दोन्ही बाजूच्या भिंती आत दाबल्या की बॉक्स पूर्ण खाली येतो. मागे पातळ आडवं झाकण दिसेल. त्याच्या कडेच्या क्लिपा दाबून ते काढा. जवळपास पिवळ्या रंगाचे प्लग दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. काही गाड्यांत फिल्टर बॉनेट उघडल्यावर काचेच्या तळाशी, तर काहींत पायांजवळ मधल्या भागाच्या कडेला असतो. ॲक्सिलरेटरचं पेडल काढावं लागत असेल तर ते काम मेकॅनिककडे द्या.

फिल्टर हळूहळू, आडवाच ठेवून ओढा. वर साठलेला पाचोळा सांडला तर तो सरळ ब्लोअरमध्ये जातो. काही गाड्यांत तो दोन तुकड्यांत असतो. पहिला निघाला की दुसरा बाजूला सरकवून काढायचा. जुना फिल्टर लगेच पिशवीत घाला. खाच व्हॅक्युमने स्वच्छ करा. खाच रिकामीच निघाली तरी घाबरू नका. काही मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये जागा असते, पण फिल्टर दिलेला नसतो. योग्य मापाचा मिळाला तर बसवून घ्या.

नवा बसवताना कडेवरचा बाण पाहा. 'एअर फ्लो' लिहिलेला बाण हवा ज्या दिशेला जाते ती दिशा दाखवतो, 'अप' लिहिलेला बाण फक्त वरची बाजू दाखवतो. दोन्हींचा अर्थ वेगळा. हवेची दिशा कळत नसेल तर जुन्या फिल्टरची मळलेली बाजू पाहा: हवा त्या बाजूने येत होती. पण आधीच्या माणसाने फिल्टर उलटा बसवला असू शकतो, म्हणून मॅन्युअलमध्येही पाहा. फिल्टर दुमडला न जाता शेवटपर्यंत सरकला पाहिजे. झाकण लावा, बॉक्स बसवा आणि ब्लोअर सगळ्या वेगांवर चालवून आवाज ऐका.

फिल्टर नवा लावूनही वास राहिला तर तो कॉइलमधून येतो आहे. एसीच्या पाण्याचा पाइप तुंबला नाही ना हे पाहून घ्या, आणि मुक्कामाला पोचण्याआधी काही मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, म्हणजे कॉइल सुकते.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनचा फिल्टर नसतो, केबिन फिल्टर मात्र बहुधा असतो. काही हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड करणाऱ्या पंख्यालाही लहान जाळी असते, बहुधा मागच्या सीटजवळ. तीही वेळोवेळी साफ करावी लागते.

दोन्ही फिल्टर बसवण्याआधी त्यांच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. सर्व्हिस सेंटरला काम देत असाल तर जुने फिल्टर परत मागून घ्या आणि नवे बसवताना डब्याची स्वच्छ बाजू पुसून दाखवायला सांगा.